कागद नसलेला माणूस : चकमा बांधवांचा प्रश्न आणि आपण

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात झालेले भाषण. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



वर्धापनदिनाला नेहमीचे विषय आपण दरवर्षी ऐकतो. आज मी जरा वेगळा विषय घेतला आहे. परदेशातून बेकायदा आलेली माणसे, म्हणजे ज्यांना वर्तमानपत्रे 'घुसखोर' म्हणतात, त्यांचा समाजावर आणि पोटापाण्यावर काय परिणाम होतो, हा तो विषय. निवडणूक आली की हा शब्द भिंतीभिंतीवर दिसतो. एक म्हणतो, सगळ्यांना हाकला. दुसरा म्हणतो, प्रश्नच नाही, सगळी अफवा आहे. दोघांचेही ऐकून आपण घरी येतो आणि आपल्या हाती काही लागत नाही. म्हणून मी ठरविले की, एकच उदाहरण घ्यायचे आणि ते नीट, मुळापासून समजून घ्यायचे. ते उदाहरण म्हणजे अरुणाचल प्रदेशातील चकमा लोकांचे.

चकमा हे बौद्ध आहेत. पण ते आपले धम्मबांधव आहेत म्हणून त्यांची बाजू घ्यायची, एवढ्यासाठी मी उभा नाही. पुढे तुमच्या लक्षात येईल की, हा प्रश्न इतका सोपा नाही.

आधी तीन माणसे वेगळी करू. एक माणूस चोरून सीमा ओलांडतो, कामासाठी येतो आणि लपून राहतो. दुसरा जीव वाचवायला पळून येतो, तो निर्वासित. तिसरा असा की, ज्याला जुना देश आपला म्हणत नाही आणि नवा देशही आपला म्हणत नाही. बाजारात बोलताना आपण तिघांनाही एकच शब्द लावतो. आपल्या देशाने निर्वासितांसंबंधीच्या 1951 च्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदाही केलेला नाही. त्यामुळे कोणाला कुठल्या रांगेत बसवायचे, हे बरेचसे सरकारच्या मर्जीवर राहते.

धरणाने उठवलेली माणसे

आता चकमांची हकीकत. त्यांचे मूळ घर म्हणजे चितगावचा डोंगराळ मुलूख. आज तो बांगलादेशात आहे. 1947 साली तिथली जवळजवळ 97 टक्के वस्ती बिगर-मुस्लिम होती. तिथल्या पुढाऱ्यांना वाटले, आपण भारतात जाणार. 15 ऑगस्टला रांगामाटीला तिरंगाही चढला. दोन दिवसांनी, 17 ऑगस्टला, रॅडक्लिफ साहेबांचा निवाडा जाहीर झाला आणि तो मुलूख पाकिस्तानात गेला. थोड्याच दिवसांत पाकिस्तानी सैन्याने तो झेंडा उतरवला. माणसे जिथल्या तिथे होती, देश मात्र बदलला.

त्यानंतर कर्णफुली नदीवर काप्ताई येथे वीजनिर्मितीसाठी धरण बांधले गेले. 1962 पर्यंत ते पुरे झाले. सुमारे 54 हजार एकर कसदार शेतजमीन पाण्याखाली गेली. त्या मुलुखातील नांगराखालच्या जमिनीपैकी हा जवळजवळ 40 टक्के भाग. सुमारे एक लाख लोक उठले, त्यात बहुसंख्य चकमा. जुने रांगामाटी शहर आणि चकमा राजाचा वाडासुद्धा बुडाला. आपल्याकडे कोयनेचे धरण त्याच सुमाराचे. कोयनेच्या धरणग्रस्तांचे किती हाल झाले, ते आपण जाणतो. परंतु ते निदान आपल्याच देशात हाल भोगत होते, मोर्चा काढू शकत होते. चकमांना भरपाई धड मिळाली नाही आणि दाद मागायला जागाही नव्हती. 1964 च्या सुमारास हजारो कुटुंबे सीमा ओलांडून भारतात आली. या निघून येण्याला चकमा लोक 'बर परंग' म्हणतात, म्हणजे मोठे स्थलांतर.

ते आले ते लपूनछपून राहिले नाहीत, हे लक्षात ठेवा. आसामने सांगितले, एवढ्या लोकांचे पुनर्वसन आम्हाला झेपणार नाही. तेव्हा केंद्र सरकार, आसामचे राज्यपाल आणि नेफाचे प्रशासन यांनी मिळून ठरविले की, यांना नेफात वसवायचे. नेफा म्हणजेच आजचा अरुणाचल. 1964 ते 1969 या काळात चकमा आणि त्यांच्याबरोबरचे हाजोंग मिळून 14,888 माणसे, 2,748 कुटुंबे तिथे वसविली गेली. कुटुंबामागे 5 एकर जमीन दिली गेली, स्थलांतराचे दाखले दिले गेले. ज्यांना सरकारी गाडीने नेऊन सरकारी जमिनीवर बसविले, त्यांना घुसखोर म्हणायचे का? पण पुढे तसेच म्हटले गेले.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे

ज्यांच्या भूमीत त्यांना वसविले, त्यांना कोणी विचारले होते का? नाही. तेव्हा तिथे निवडून आलेले सरकारच नव्हते. दियून, बोर्डुमसा, मियाव हा सिंगफो आणि आजूबाजूच्या जमातींचा भाग. चौखाम हा खामतींचा भाग. सिंगफोंची अरुणाचलातली संख्या काही हजारच आहे. आणि बंधुंनो, सिंगफो आणि खामती हेसुद्धा बौद्ध आहेत, चकमांसारखेच थेरवादी. त्यांचीही विहारे आहेत, त्यांच्याकडेही बुद्धपौर्णिमा होते. म्हणजे तिथे दोन्ही बाजूंना बुद्धवंदना म्हणणारी माणसे आहेत. मघाशी मी म्हणालो, प्रश्न सोपा नाही, तो यासाठी.

सिंगफो माणसाची भीती काय आहे? तो त्रिपुराकडे बोट दाखवतो. त्रिपुरात एके काळी आदिवासी निम्म्याच्या आसपास होते. फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे आले आणि 1981 च्या जनगणनेत आदिवासी 28 टक्क्यांवर आले. आपल्याच राज्यात ते अल्पसंख्य झाले. तिथे पुढे रक्तपात झाला. अरुणाचलचा माणूस म्हणतो, चौदा-पंधरा हजार आले होते, 2011 च्या जनगणनेत चकमा सुमारे 47 हजार झाले. सगळ्या राज्याची वस्तीच तेव्हा पावणेचौदा लाख. उद्या मतदारसंघ हातचा गेला, जमीन गेली, तर आम्ही जायचे कुठे? ही भीती खोटी म्हणून उडवून लावणे योग्य नाही. बाहेरच्यांना तिथे जायला आजही परवाना लागतो, 1873 च्या नियमानुसार. तो नियम मुळात इंग्रजांनी आपल्या सोयीसाठी केला असला, तरी आज तिथल्या लहान जमातींना त्याचाच आधार वाटतो.

आणि दैवाचा खेळ पहा. अगदी हीच भीती चकमांच्या मूळ मुलुखात खरी ठरली. 1979 नंतरच्या काही वर्षांत बांगलादेश सरकारने सपाटीवरची लाखो माणसे आणून चितगावच्या डोंगरात वसविली. 1947 ला 97 टक्के असलेले डोंगरी लोक 1991 पर्यंत जवळजवळ निम्म्यावर आले. त्या झगड्यात 1986 नंतर पन्नास हजारांवर लोक त्रिपुरातील छावण्यांत येऊन राहिले. 2 डिसेंबर 1997 ला तिथे करार झाला, मग ते परत गेले. म्हणजे चकमा हा एका सीमेच्या पलीकडे उपरा आलेल्यांमुळे भरडला गेला आणि अलीकडे स्वतःच उपरा ठरला.

बाबासाहेबांनी आपल्या धम्मग्रंथात रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांचे भांडण सांगितले आहे. ते दोघे परके नव्हते. तरीही पाणी कमी पडले तेव्हा तलवारी निघाल्या. सिद्धार्थाने तिथे काय मांडले? युद्धाने हा प्रश्न सुटणार नाही, दोन्ही बाजूंची माणसे बसवा आणि चूक कोणाची ते शोधा. तेवढे सांगितल्याबद्दल त्याला देश सोडावा लागला. आपल्याला एवढेच सांगायचे आहे की, दोन्ही बाजू ऐका.

पोटाचा हिशेब

आता आर्थिक बाजू. कागद नसला तर माणसाचे नेमके काय होते?

1980 मध्ये अरुणाचलात चकमांना सरकारी नोकरी बंद झाली. 1991 मध्ये त्यांची रेशनकार्डे बंद केली. पुढे व्यापाराचे परवानेही काढून घेण्यात आले. 1994 मध्ये तिथल्या विद्यार्थी संघटनेने 'चालते व्हा' अशा नोटिसा दिल्या. शाळा, दवाखाने, रस्ते यांच्या बाबतीत त्या वस्त्या मागे पडत गेल्या. दरम्यान नोआ-दिहिंग नदी पात्र बदलत राहिली आणि मिळालेल्या पाच एकरांतली कित्येकांची जमीन वाहून गेली. कुटुंबे मात्र वाढली.

आता हिशेब करा. जमीन अपुरी. बँक कर्ज देत नाही, कारण सातबाऱ्यासारखा कागद नाही. मग सावकार आला. नोकरी नाही. मग स्थानिकांच्या शेतावर वाट्याने किंवा रोजाने राबायचे. रोज किती, हे मालक ठरवणार. कमी दिला तरी तक्रार कुठे करणार? तक्रार केली तर आधी विचारतील, तू कोण, कुठला? शिकलेला पोरगा असला तर तो घर सोडून बंगळूर, चेन्नईकडे कामाला जातो आणि तिथेही त्याला चेहऱ्यावरून परदेशी समजतात.

यात फायदा कोणाचा झाला? ज्याची शेती मोठी आहे, ज्याला स्वस्त मजूर पाहिजे, त्याचा. तोटा कोणाचा? एक तर चकमा मजुराचा. दुसरा तोटा स्थानिक गरीब मजुराचा, कारण त्याच्या शेजारी कमी रोजावर राबणारा माणूस उभा आहे. आणि तिसरा तोटा सरकारी तिजोरीचा. ज्याला परवाना नाही, त्याच्या धंद्यावर कर कसा घेणार?

हे फक्त अरुणाचलचे नाही. अमेरिकेत 1980 साली क्यूबातून सव्वा लाख लोक काही महिन्यांत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर उतरले आणि त्यांतले बरेच मायामी शहरात राहिले. शहरातील कामकऱ्यांची संख्या एकदम सुमारे 7 टक्क्यांनी वाढली. डेव्हिड कार्ड या अर्थशास्त्रज्ञाने 1990 मध्ये आकडे तपासून सांगितले की, तिथल्या मजुरीवर फारसा परिणाम दिसत नाही. कार्ड यांना पुढे 2021 मध्ये नोबेल मिळाले. जॉर्ज बोर्हास या दुसऱ्या अर्थशास्त्रज्ञाने तेच आकडे वेगळ्या रीतीने तपासले आणि म्हटले की, शाळा अर्धवट सोडलेल्या अगदी खालच्या मजुरांची मजुरी मात्र घसरली. दोघांचा वाद अजून मिटलेला नाही. पण आपल्यासारख्यांनी त्यातून एक गोष्ट घ्यावी. सरासरी काढली की सगळे ठीक दिसते. झळ बसते का आणि कोणाला, हे पाहायचे तर तळाच्या माणसाकडे पाहावे लागते. आणि तळाला, बंधुंनो, बहुतेक वेळा आपणच असतो.

म्हणून मी युवक मंडळाच्या मुलांना सांगतो. नाक्यावर कमी रोजात जाणारा कागद नसलेला मजूर दिसला की राग त्याच्यावर काढू नका. त्याला कमी रोज देणारा ठेकेदार कोण, ते बघा. त्या मजुराला किमान वेतन मागायची मुभा असती, तर ठेकेदाराला त्याला नेण्यात काहीच फायदा राहिला नसता. मजुरी खाली ओढते ती त्याची भीती. त्याच्या भीतीवर ठेकेदाराचा नफा उभा आहे.

कायदा काय म्हणतो

नागरिकत्वाची कलमे घटना समितीत बाबासाहेबांनी 10 ऑगस्ट 1949 ला मांडली. फाळणी होऊन दोनच वर्षे झाली होती. लाखो माणसे इकडून तिकडे गेलेली. बाबासाहेबांनी तेव्हा स्पष्ट सांगितले की, एखादे दुसरे कलम सोडले तर मसुदा समितीला एवढी डोकेदुखी कशाने झाली नाही. त्यांनी घटनेत पाचव्या ते अकराव्या कलमांत तेवढ्यापुरती व्यवस्था केली आणि पुढचा कायदा संसदेवर सोपविला. पण आणखी एक गोष्ट घटनेत आहे, ती आपण वाचली पाहिजे. मतदान, भाषण, सरकारी नोकरीतील समान संधी हे हक्क 'नागरिकाला' आहेत. परंतु कलम 14, कायद्यापुढे समानता, आणि कलम 21, जीविताचे संरक्षण, ही 'व्यक्तीला' आहेत. कोणत्याही व्यक्तीला. कागद असो वा नसो.

याच कलम 21 चा आधार घेऊन 9 जानेवारी 1996 ला सर्वोच्च न्यायालयाने चकमांच्या प्रकरणात निकाल दिला. राष्ट्रीय मानवी हक्क आयोग त्यासाठी न्यायालयात गेला होता. न्यायालयाने सांगितले, नागरिक असो वा नसो, प्रत्येक माणसाच्या जीविताचे रक्षण करणे हे राज्याचे कर्तव्य आहे. चकमांना जबरदस्तीने हुसकू नका, आणि त्यांचे नागरिकत्वाचे अर्ज स्थानिक अधिकाऱ्यांनी अडवून न ठेवता केंद्राकडे पाठवा. राज्यसभेच्या याचिका समितीनेही 1997 मध्ये त्यांना नागरिकत्व द्या असेच म्हटले. 2004 मध्ये पहिल्यांदा 1,497 चकमा-हाजोंगांची नावे मतदार यादीत आली. 17 सप्टेंबर 2015 ला सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितले, तीन महिन्यांत काम पुरे करा. पण 2017 मध्ये अरुणाचलात मोठा विरोध झाला आणि गाडे पुन्हा रुतले. 15 ऑगस्ट 2021 ला तर तिथल्या मुख्यमंत्र्यांनी चकमांना राज्याबाहेर हलविण्याची भाषा केली.

आता कायद्याची गंमत बघा. भारतात 1 जुलै 1987 च्या आधी जन्मलेले मूल जन्मानेच नागरिक आहे, आईबाप कोणीही असोत. म्हणजे 1966 ला तिथे जन्मलेला चकमा कायद्याने भारतीय, आणि त्याला हातात कागद द्यायला मात्र अधिकारी तयार नाही. 2019 च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात बौद्धांचे नाव आहे, हे ऐकून आपल्यातल्या कित्येकांना वाटले की, चकमांचा प्रश्न सुटला. तसे नाही. जिथे आत जायला परवाना लागतो, त्या भागाला तो कायदा लागू नाही. अरुणाचल त्यातच येतो. तेव्हा कायद्यात आपल्या धर्माचे नाव आले म्हणजे आपल्या माणसाचे काम झाले, असे समजण्याचे कारण नाही.

आपला संबंध काय

कोणी म्हणेल, अरुणाचल कुठे आणि आपली वस्ती कुठे. बंधुंनो, कागदाचे दुःख आपल्याला कोणी शिकवायला नको. जातीचा दाखला काढताना 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा आणा म्हणतात. आजोबा शाळेत गेले नव्हते, गावात घर गावकुसाबाहेर होते, जमीन नावावर नव्हती. मग पुरावा कुठला आणायचा? किती मुलांचे प्रवेश त्यापायी हुकले, ते इथे बसलेल्या आईबापांना विचारा. 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातून मुंबईला आलेली माणसे झोपडीत राहिली. पुढे झोपडी पाडायची की राखायची, ते 1 जानेवारी 1995 च्या तारखेवर ठरू लागले. त्या तारखेआधीचा कागद ज्याने पत्र्याच्या पेटीत जपला तो वाचला, ज्याचा पावसात भिजला तो रस्त्यावर आला.

आसामात 31 ऑगस्ट 2019 ला नागरिकांची अंतिम यादी लागली. 3 कोटी 30 लाख लोकांनी अर्ज केले होते, 19,06,657 नावे बाहेर राहिली. आईचे नाव एका कागदावर एक, दुसऱ्यावर दुसरे, अशा चुकांमुळेही माणसे अडकली. त्यात बायका, गरीब, न शिकलेले यांचे हाल जास्त झाले. 2025 च्या जूनमध्ये मुंबई परिसरात बांगलादेशी समजून पकडलेले आणि सीमेपार ढकललेले काही मजूर पश्चिम बंगालचेच रहिवासी निघाले. त्यांना परत आणावे लागले. म्हणजे भाषेवरून, चेहऱ्यावरून, झोपडीवरून माणूस ओळखायची सवय लागली की, ती परक्यावर थांबत नाही.

मग माझे म्हणणे काय? सीमा उघडी टाका, असे मी म्हणत नाही. प्रत्येक देशाला आपली सीमा राखावीच लागते. खोटे कागद विकणारे दलाल आणि माणसांची ने-आण करणाऱ्या टोळ्या यांना पकडलेच पाहिजे. पण जे सरकारने स्वतः वसविले, ज्यांची तिसरी पिढी इथे जन्मली, त्यांना साठ वर्षे टांगून ठेवणे हा न्याय नव्हे. त्यांना नागरिकत्व द्यावे. त्याचबरोबर सिंगफो-खामतींच्या जमिनी आणि विधानसभेतील जागा सुरक्षित राहतील, याची लेखी हमी द्यावी. आणि सगळा भार एका लहानशा राज्यावर टाकू नये. निर्णय दिल्लीने घेतला होता, तर भार सगळ्या देशाने उचलावा. चकमांची काही कुटुंबे दुसऱ्या राज्याने स्वखुशीने घ्यायची ठरवली, तर महाराष्ट्राने त्याचा विचार का करू नये? लगेच हो म्हणू नका. घरी जाऊन विचार करा. उद्या आपल्या वस्तीशेजारी शंभर चकमा कुटुंबे आली, आपल्याच नळावर पाण्याला उभी राहिली, तर आपण त्यांना धम्मबांधव म्हणू की घुसखोर? या प्रश्नाचे खरे उत्तर जो देईल, त्यालाच सिंगफोची भीतीही कळेल आणि चकमाचे दुःखही कळेल.

विहार कमिटीला माझी दोन कामांची विनंती आहे. पहिले, महिन्यातून एक रविवार विहारात कागदपत्रांचा ठेवा. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, आधारवरचे नाव, सगळीकडे एकच नाव आहे का, ते शिकलेल्या मुलामुलींनी वस्तीतल्या लोकांना तपासून द्यावे. विशेषतः माहेरचे नाव आणि सासरचे नाव यात अडकणाऱ्या भगिनींना. दुसरे, ज्याला वाचता येत नाही असा मजूर, मग तो कोणत्याही जातीधर्माचा असो, ठेकेदाराने रोज बुडवला म्हणून विहाराच्या दारात आला, तर त्याला आधी 'कुठला तू' असे विचारू नका. आधी 'किती दिवसांचा रोज बुडाला' ते विचारा आणि लिहून घ्या. बाकीचे कायदा बघेल.



जयभीम! नमो बुद्धाय!